प्राप्तिकर : माणसे वाढवावीत की कलमे घटवावीत?



वसंतातल्या संध्याकाळी, गोदेच्या काठी, प्राप्तिकरासारख्या विषयावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, हिमालयातील भ्रमंती हे या मालेचे आवडते विषय. त्यांच्या रांगेत हा रुक्ष पाहुणा शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. कराविषयी आपण दोनच प्रसंगी बोलतो : तो भरताना आणि तो चुकविण्याची युक्ती एकमेकांना सांगताना. तिसरा प्रसंग आज आपण मुद्दाम काढला आहे.

प्रश्न असा. कर नीट वसूल होत नाही, तक्रारी तुंबतात, अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात, ही गोष्ट सर्वांनाच मान्य आहे. उपाय विचारला की मात्र दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, खात्यात माणसे कमी आहेत, ती वाढवा. दुसरा म्हणतो, माणसे कशाला? कायदा सोपा करा, म्हणजे निम्म्या माणसांत काम होईल. दोन्ही पक्षांत विद्वान आहेत आणि दोघांकडे आकडे आहेत. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, असे माझे म्हणणे आहे. आणि ते सांगण्यासाठी मी प्रथम आपणांस दिल्लीस न नेता इंदापुरास नेणार आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर दहाएक वर्षांनी, इंग्रज सरकारने पुणे प्रांतातील जमिनीची मोजणी करून सारा ठरविण्याचे काम प्रिंगल नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याकडे दिले. प्रिंगल हेलीबरीच्या कॉलेजात शिकून आलेला, अर्थशास्त्राचा अभ्यासू. त्याची कल्पना शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून बियाणे, बैल, मजुरी असा सारा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ नफ्याचे ५५ टक्के सरकारने घ्यावयाचे. कागदावर याहून न्याय्य काय असणार? पण प्रत्येक शेताचा खर्च आणि प्रत्येक शेताचे उत्पन्न शोधावयाचे म्हणजे शेकडो कारकून हवेत; आणि त्या कारकुनाने बांधावर उभे राहून जे लिहिले ते खरे की खोटे, हे पाहण्यास पुण्याच्या कचेरीत बसलेल्या साहेबाजवळ काहीही साधन नव्हते. पद्धत जितकी सूक्ष्म, तितकी कारकुनाच्या लेखणीला किंमत जास्त. ज्याचे पैसे पोहोचले त्याची काळी जमीन मुरमाड झाली. ज्याचे पोहोचले नाहीत त्याचा मुरूम काळा झाला. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले आणि थोड्याच वर्षांत लोक जमिनी टाकून निजामाच्या मुलखात जाऊ लागले.

मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यांनी निव्वळ नफ्याचा नादच सोडला. मातीचा रंग आणि खोली पाहून नऊ प्रती ठरविल्या; खडे, उतार, चोपण असा दोष असला की प्रत खाली उतरवावयाची, आणि जी प्रत येईल तिचा आकार ३० वर्षे कायम. कारकून होतेच, ते नाहीसे झाले नाहीत. परंतु त्यांनी काय पाहावयाचे ते आता कोणालाही पाहता येण्याजोगे होते आणि वरचा अधिकारी येऊन थोड्या शेतांची फेरतपासणी करू शकत होता. शेतकऱ्यालाही आपला आकडा कळत होता. ओस पडलेल्या जमिनी पुन्हा लागवडीस आल्या. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि आपल्या नाशिक-नगरकडेही आली. आपल्या सातबाराचा पाया तोच.

जाता जाता एक सांगावयास हवे. सोपे म्हणजे हलके नव्हे. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीत सरकारने दर असे चढविले की १८७५ साली सुप्यापासून दंगे पेटले. सावकाराच्या वह्या जळाल्या हे आपण शाळेत वाचतो. त्या वह्यांमागे वाढलेला साराही उभा होता, हे धड्यात बहुधा राहून जाते. म्हणून ‘सुलभीकरण’ हा शब्द ऐकताच टाळ्या वाजवू नयेत. किती घेणार, हा प्रश्न वेगळा. कसे घेणार, हा वेगळा. आज आपण दुसऱ्याचाच विचार करीत आहोत.

आता प्राप्तिकराकडे वळू. हिंदुस्थानात तो १८६० साली आला. सत्तावन्नच्या युद्धाने खजिना रिता झाला होता. तो भरण्यासाठी जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री विलायतेहून आले, त्यांनी कर बसविला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ते कलकत्त्यास वारले. त्यांच्या कायद्यात २५९ कलमे होती. ज्या देशात हिशेबाच्या वह्या मोडीत, गुजरातीत आणि महाजनीत लिहिल्या जात, तेथे इंग्लंडच्या नमुन्यावर बेतलेली २५९ कलमे! पाच वर्षांत तो कर गुंडाळावा लागला. मग परवाना-कर आला, गेला, पुन्हा आला. आणि १८८६ साली प्राप्तिकर कायमचा ठाण मांडून बसला. वसुलीस निराळे खाते नव्हते. जमीनमहसुलाची माणसेच हेही काम करीत. शेतीचे उत्पन्न मात्र करातून वगळले गेले, ते आजतागायत.

त्या काळी वर्षाला ५०० रुपयांच्या उत्पन्नावर कर लागू होई. म्हणजे महिना बेचाळीस रुपये मिळविणारा कारकूनही करदाता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणात त्यांनी दोन गोष्टी मागितल्या : मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपयांवर न्या. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, कर्झनच्या सरकारने दोन्ही गोष्टी केल्या. गोखल्यांचे भाषण गरिबीच्या बाजूने होते हे आपण जाणतो. पण त्यात कारभाराचेही एक सूत्र आहे, त्याकडे आपले लक्ष वेधतो. खालच्या थरातील असंख्य लहान करदाते यादीतून काढले की त्यांच्याकडून येणारी रक्कम थोडीच बुडते. परंतु त्यांच्यावर खर्ची पडणारे श्रम मात्र पुष्कळच वाचतात. कलमे न बदलता केलेले हे सुलभीकरण.

याच्या शेजारी आजचा आकडा ठेवून पाहा. २०२२-२३ या वर्षात देशात सुमारे ७ कोटी ४० लाख विवरणपत्रे भरली गेली. त्यांपैकी सुमारे ५ कोटी १६ लाख विवरणपत्रांवर देय कर होता शून्य. शंभरांतल्या जवळजवळ सत्तर जणांनी अर्ज भरला, सरकारने तो तपासला, आणि शेवटी दोघांनी मान्य केले की देणे काही नाही! यातले पुष्कळ जण कापलेला कर परत मिळावा म्हणून अर्ज भरतात, काही जण घराच्या कर्जासाठी बँकेला दाखविण्यास भरतात; तेव्हा सारेच व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. पण २०२५ च्या अंदाजपत्रकात १२ लाखांपर्यंत कर नाही अशी घोषणा झाली, तेव्हा गोखल्यांचीच वाट धरली असे अनेकांस वाटले, ते बरोबर नव्हते. नव्या पद्धतीत मूळ मर्यादा ४ लाखांचीच ठरली. चार ते बारा लाखांच्या दरम्यानचा कर आधी मांडावयाचा आणि मग सूट म्हणून तो वजा करावयाचा. खिशाला आराम मिळाला हे खरेच. अर्ज मात्र तसाच राहिला.

असो. कायदा कसा फुगला, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस घेण्यासारखे फार नाही. १९२२ चा कायदा जाऊन १९६१ चा आला, १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला. त्यात २९८ कलमे होती. त्यानंतर दरवर्षीच्या वित्त-विधेयकाने त्यात भर घातली. कलमांचे क्रमांक पुरेनात म्हणून अक्षरे लागली, अक्षरे पुरेनात म्हणून दोन-दोन, तीन-तीन अक्षरे लागली. दरांची कथा याहून नवलाची. १९७३-७४ साली सर्वांत वरच्या टप्प्यावर दर शेकडा पावणेअठ्ठ्याण्णव होता. शंभर रुपये मिळवा आणि सव्वादोन रुपये घरी न्या! असा दर कोणी प्रामाणिकपणे भरील ही अपेक्षा ठेवणाऱ्याने मनुष्यस्वभाव पाहिलेलाच नसावा. वांछू समितीने तो उतरविण्यास सांगितले आणि तो उतरला. नानी पालखीवाला मुंबईत दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलत. प्रथम एका हॉटेलच्या दिवाणखान्यात आणि पुढे ब्रेबर्न स्टेडियमवर, इतकी गर्दी वाढत गेली. कराच्या कायद्यावर ज्यांनी आधारग्रंथ लिहिला, तेच हा कायदा देशाला लाज आणणारा आहे असे जाहीरपणे सांगत. समित्यांचीही वाण नव्हती : त्यागी, भूतलिंगम्, वांछू, चोक्सी, चेल्लय्या, आणि २००२ साली आपले विजय केळकर. बहुतेकांनी सूट-सवलतींचे जंगल तोडा असेच सांगितले. प्रत्येक वेळी थोडे तोडले गेले आणि पुढच्या वसंतात पुन्हा फुटले.

शेवटी २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा झाला. तो १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणारा म्हणून संमत झाला. जुन्यातील कलमे वाढत वाढत ८१९ झाली होती, नव्यात ५३६ आहेत. शब्द ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर आले. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या जोडगोळीने तीन पिढ्या करदात्यांना छळले, तिला रजा मिळून नुसते ‘कर वर्ष’ आले. या कामाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु शब्द कमी झाले म्हणजे गुंता सुटला, असे होत नाही. हे आपल्याच जिल्ह्यातील द्राक्षांवरून पाहू.

समजा, निफाडकडचा एक बागाईतदार आहे. त्याने द्राक्षे विकली. ते शेतीचे उत्पन्न, केंद्राचा कर नाही. घटनेनेच शेतीउत्पन्नावरचा कर राज्यांकडे दिलेला आहे. शेजारच्या व्यापाऱ्याने त्याचा उभा बाग खरेदी करून माल काढून विकला. त्याचा नफा शेतीचा नव्हे, व्यापाराचा. बागाईतदाराने स्वतःच्या द्राक्षांची वाइन केली. मग त्या द्राक्षांची बाजारभावाने होणारी किंमत शेतीची आणि वरचा नफा धंद्याचा. द्राक्षे वाळवून बेदाणा केला तर? शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करून माल बाजारात नेण्याजोगा करतो ती शेतीतच धरतात, असे कायदा म्हणतो. पण द्राक्षाला द्राक्ष म्हणून बाजार असताना बेदाणा करणे ही तशी प्रक्रिया की निराळा धंदा? येथे वकिलाची खुर्ची मांडली जाते. त्याने रोपवाटिका घातली, तर कुंडीतले रोप जमिनीतले की जमिनीवरचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २००८ साली खुलासा घालून ते उत्पन्न शेतीचे ठरविण्यात आले. कोंबड्या पाळल्या तर शेती नव्हे. आणि गंमत अशी की शेतीउत्पन्नावर कर नसला, तरी १९७३ पासून इतर उत्पन्नाचा दर ठरविताना ते हिशेबात धरतात.

हे सर्व एकाच माणसाच्या एकाच शिवारात घडू शकते. शब्द निम्मे करा की पाव करा, वाइनचे पिंप आणि द्राक्षाचा क्रेट यांच्यामधली रेषा कुठेतरी काढावीच लागणार, आणि ती काढण्यास द्राक्ष ओळखणारा माणूस लागणार. ज्या अधिकाऱ्याने छाटणी, थिनिंग, डावणी यांपैकी काही पाहिलेले नाही, त्याला एकरी खर्च किती आणि उत्पन्न किती हे कागदावरून कसे कळावे? शेतीच्या नावाखाली काळा पैसा पांढरा करणारे आहेत, हे मी नाकारीत नाही. किंबहुना त्यांना पकडण्यासाठीच जाणता माणूस हवा. नाही तर ते सुटतात आणि खरा बागाईतदार अडकतो.

आता माणसांकडे येऊ. मे २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या खात्यासाठी २०,७५१ नवीन पदांस मंजुरी दिली. खर्चाच्या कितीतरी पट वसुली वाढेल असा तेव्हाचा हिशेब होता. मंजूर पद आणि खुर्चीत बसलेला माणूस यांच्यातील अंतर आपणांस ठाऊकच आहे. २०२४ च्या आरंभी प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितले की दहा-बारा हजार माणसे कमी आहेत आणि ती मुख्यतः ‘क’ वर्गातील. म्हणजे आयुक्त आहेत. पण फाइल शोधणारा, नोंद करणारा, परताव्याचा कागद पुढे सरकविणारा कर-सहायक नाही. सैन्यात सेनापती भरपूर आणि शिपाई कमी, अशी ही स्थिती. दुसऱ्या बाजूस २००० -०१ साली प्रत्यक्ष कराचे १०० रुपये गोळा करण्यास १ रुपया ३६ पैसे खर्च येई, तो २०२३-२४ मध्ये ४४ पैशांवर आला. या आकड्याचा फार अभिमान बाळगला जातो. यंत्रांचा त्यात मोठा वाटा आहे. २००९ पासून बेंगळुरूच्या केंद्रात विवरणपत्रांची छाननी यंत्रावर होते आणि परतावा काही दिवसांत मिळतो, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. परंतु ४४ पैशांत कर भरणाऱ्याचा खर्च धरलेला नाही. सनदी लेखापालाची फी, बुडालेले दिवस, अपिलासाठी भरून ठेवलेली रक्कम, हे सारे त्या हिशेबाबाहेर आहे. सरकारने आपल्या पाटीतला भार कमी केला; त्यातला काही रयतेच्या डोक्यावर गेला काय, हे कोणी मोजले नाही.

२०१९ पासून चेहराविरहित आकारणी सुरू झाली आणि २०२० मध्ये अपिलेही तशीच झाली. करदाता नाशिकचा, अधिकारी कोणत्या गावचा ते कोणास ठाऊक नाही. भेट नाही, म्हणून चिरीमिरी नाही, हा हेतू उत्तम. प्रिंगलचा कारकून बांधावर उभा होता, त्याला बांधावरून उचलून अज्ञात स्थळी नेऊन बसविला, असा हा प्रयोग. पण बांधही त्याच्या नजरेआड गेला. मालेगावचा यंत्रमागवाला आपला व्यवहार कसा चालतो, सूत कोणाचे, माग कोणाचा आणि मजुरी कोणाची, हे समोरासमोर दहा मिनिटांत सांगू शकतो. तेच त्याला परक्या भाषेत, ठराविक दिवसांत, कागद जोडून लिहावे लागते. पूर्वी नोटीस बजावणारा शिपाई घरी येई. घरात कोणी नसले तर शेजारी सांगत, कचेरीचा माणूस येऊन गेला. आता नोटीस ई-मेलने येते आणि जाहिरातींच्या ढिगात पडून राहते. मुदत संपते, एकतर्फी निकाल होतो, त्यावर अपील होते. पहिल्या पायरीवरच्या तुंबलेल्या अपिलांची संख्या पाच लाखांवर गेली ती काही हवेतून नव्हे. २०२३ च्या अंदाजपत्रकात लहान अपिलांसाठी शंभर सहआयुक्त नेमण्याची घोषणा करावी लागली. यंत्राने वाचविलेली माणसे अशी मागच्या दाराने परत बोलवावी लागतात.

आणखी एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अंदाजपत्रकात सरकारने जुन्या लहान-सहान थकबाक्या माफ केल्या : २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि त्यापुढील २०१४-१५ पर्यंतच्या १०,००० रुपयांपर्यंतच्या. एक कोटी करदात्यांस लाभ होईल असे सांगितले गेले. त्यांतल्या काही मागण्या १९६२ सालापासूनच्या होत्या! ज्याच्या नावावर ती मागणी असेल तो कदाचित हयातही नसेल. या थकबाक्या कोणी बुडव्यांच्याच होत्या असे नव्हे. अनेक मागण्या न तपासलेल्या, न जुळलेल्या आणि वादग्रस्त होत्या, हे अर्थमंत्र्यांच्याच निवेदनात आले. जुळवणी करण्यास माणूस नव्हता म्हणून साठ वर्षे त्या वहीत राहिल्या आणि कित्येकांचे परतावे त्यांच्यापोटी अडकले. माफी दिली हे चांगलेच झाले. पण ज्याने वाट पाहून कंटाळून ती मागणी आधीच भरून टाकली, त्याचे काय, हे विचारावयास कोणी नव्हते.

हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत २०२२ साली करखात्यासाठी दहा वर्षांत सुमारे ८० अब्ज डॉलर देण्याचा कायदा झाला. विरोधकांनी हाकाटी केली की सरकार हजारो वसुली-अंमलदार तुमच्या दारावर सोडणार. पुढे त्यातला मोठा हिस्सा परत काढून घेण्यात आला आणि २०२५ मध्ये त्या खात्यातील जवळजवळ चौथा हिस्सा माणसे कमी झाली. भरती आणि कपात दोन्ही झाल्या. कायदा मात्र होता तसाच किचकट राहिला. माणसे गेली म्हणून कलमे आपोआप सोपी होत नाहीत, हे त्यावरून दिसते.

मग करावे काय? माझे मत स्पष्ट सांगतो. ज्याचा कर शून्य आहे आणि ज्याला परतावाही नको आहे, अशा पगारदारास व निवृत्तास अर्ज भरण्यातून मोकळे करावे. त्याचे पगार, व्याज, लाभांश हे सारे २०२१ पासून वार्षिक माहितीपत्रकात सरकारजवळ आधीच असते. २०२० पासून जुनी आणि नवी अशा दोन पद्धती शेजारी-शेजारी चालविल्या आहेत, त्यांतली एक बंद करावी. सुलभीकरणासाठी म्हणून दुसरी पद्धत काढली आणि परिणाम असा की प्रत्येकाने दोनदा हिशेब करून कोणता बरा ते पाहावयाचे! २०२४ च्या जुलैअखेर ७ कोटी २८ लाखांपैकी ७२ टक्के लोकांनी नवी निवडली होती. तेव्हा जुनीचा निरोप-समारंभ उरकण्यास हरकत नसावी. घरकर्ज आणि विमा यांची सवलत जाईल म्हणून काही जण रागावतील. सभेतही दोघे-तिघे रागावलेले मला दिसत आहेत.

यातून जी माणसे सुटतील त्यांना तालुक्याच्या पातळीवर बसवावे. शोम आयोगाने २०१४ साली खात्याच्या अंदाजपत्रकातील निदान १० टक्के रक्कम करदात्यांच्या सेवेवर, विशेषतः लहान करदात्यांवर खर्च करावी असे सुचविले होते. देशातील काही शहरांत प्राप्तिकराचे लोकपाल नेमलेले होते. तक्रारी फार येत नाहीत, दुसरे मार्ग आहेत, या कारणाने २०१९ मध्ये ती संस्था गुंडाळली. तक्रारी येत नव्हत्या, की लोकपाल आहे हे लोकांना माहीतच नव्हते? या सभेतील किती जणांना ते ठाऊक होते, हात वर करा म्हटले तर मला वाटते माझे उत्तर मिळेल. २००६ च्या सुमारास पदवीधर तरुणांना शिकवून विवरणपत्रे भरून देण्यास नेमण्याची एक योजना निघाली होती. ती लासलगाव, येवला, सटाणा येथे मराठीत नीट राबवावी. आणि नोटिशीसोबत, ती कशाबद्दल आहे, कोणत्या तारखेपर्यंत काय करावयाचे आणि न केल्यास काय होईल, एवढे एका पानावर मराठीत द्यावे. विंगेटच्या काळी रयतेला आपला आकार आपल्या भाषेत कळत होता. एवढ्या जुन्या सोयीसाठी नवीन कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. बेदाण्याच्या प्रश्नावर समोर बसलेल्या वकीलमंडळींना काही म्हणावयाचे असेल, तर ते ऐकण्यास मी उत्सुक आहे.